कीफ्रेम पद्धतीने छोटे अ‍ॅनिमेशन: विद्यार्थी प्रकल्पाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दहा-पंधरा सेकंदांचे अ‍ॅनिमेशन प्रथमच तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे बहुतांशी त्रिमितीय अ‍ॅनिमेशनमधील आहेत. मात्र वेळ आणि अंतर यांविषयी जे सांगितले आहे ते हाताने काढलेल्या चित्रांनाही तितकेच लागू पडते.

कीफ्रेम म्हणजे नेमके काय?

एखाद्या वस्तूचे स्थान, कोन, आकार किंवा अन्य गुणधर्म अमुक क्षणी अमुक इतका असावा, अशी आपण स्वतः करून ठेवलेली नोंद म्हणजे कीफ्रेम. अशा दोन नोंदींच्या मधल्या फ्रेममध्ये ती वस्तू कुठे असेल याचे गणित सॉफ्टवेअर करते. संगणक येण्यापूर्वी हीच विभागणी माणसांत होती. मुख्य अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या मुद्रांची चित्रे काढीत असे आणि सहायक मधली चित्रे भरीत असे. हे मधले काम संगणकाकडून करून घेण्याची पद्धत कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या इतिहासातील एक तपशील प्रकल्प करताना फार उपयोगी पडतो. मुख्य अ‍ॅनिमेटर सहायकाला केवळ दोन चित्रे देऊन मोकळा होत नसे. चित्राच्या कडेला तो एक छोटा तक्ता आखून देई आणि मधली चित्रे कोणत्या मुद्रेच्या जवळ दाटीने यावीत व कुठे विरळ असावीत, हे त्यावर दाखवी. संगणकालाही असा तक्ता द्यावा लागतो. तो दिला नाही, तर सॉफ्टवेअर आपला ठरलेला वक्र (वेळेनुसार मूल्य कसे बदलते ते दाखवणारी रेषा) प्रत्येक हालचालीला सारखाच लावते, मग ती दगडाची असो वा पिसाची. विद्यार्थ्यांच्या कामातील बहुतेक दोषांचे मूळ इथेच सापडते, म्हणून पुढील अनेक उत्तरांत हा मुद्दा वेगवेगळ्या रूपांत येईल.

अ‍ॅनिमेशन किती सेकंदांचे असावे?

दहा ते पंधरा सेकंद पुरेसे आहेत. सेकंदाला २४ फ्रेम धरल्यास पंधरा सेकंदांच्या ३६० फ्रेम होतात. ब्लेंडरमध्ये नवी फाइल उघडल्यावर टाइमलाइन २५० फ्रेमची असते, म्हणजे साधारण साडेदहा सेकंदांची. पहिल्या प्रकल्पासाठी हीच मर्यादा पाळली तरी हरकत नाही. व्यावसायिक चित्रपटांतही एका अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला मोजक्याच सेकंदांचे पक्के काम अपेक्षित असते. एक मिनिटाचे अर्धवट काम आणि दहा सेकंदांचे पूर्ण काम यांत परीक्षकाला दुसरेच अधिक काही सांगते, कारण विद्यार्थ्याने आपलीच चूक ओळखून कुठे सुधारली, हे त्यात दिसते.

विषय कसा निवडावा?

एक पात्र, एक इच्छा आणि एक अडथळा इतके मिळाले की विषय तयार झाला. समजा, एका चौकोनी पेटीला उंच पायरीवर चढायचे आहे. ती दोनदा घसरते, क्षणभर थांबते, मग मागे सरकून धावत येते. या एवढ्याशा प्रसंगात वजन, उडीपूर्वीची दबण्याची तयारी, फसलेला प्रयत्न, विचार आणि निर्णय हे सारे येते. शिवाय पेटीला हात, पाय आणि चेहरा नसल्याने भाव केवळ हालचालीतूनच दाखवावा लागतो. पाणी, धूर, केस किंवा सळसळणारे कापड यांवर बेतलेले विषय टाळावेत. ते काम प्रामुख्याने सिम्युलेशनचे, म्हणजे सॉफ्टवेअरने हालचाल गणिताने काढण्याचे, असते आणि कीफ्रेमवरील विद्यार्थ्याचे प्रभुत्व त्यातून दिसत नाही. गर्दीचे आणि मारामारीचे प्रसंगही वेळेच्या हिशेबात महाग पडतात.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

महाविद्यालयात जे शिकवले जाते आणि ज्याविषयी शेजारी बसलेल्याला विचारता येते, ते. निवड आपल्या हाती असेल, तर त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर विनामूल्य आहे आणि २००२ पासून तो मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. द्विमितीय कामात मात्र निवडीपूर्वी एक फरक समजून घ्यावा. सिनफिगमध्ये व्हेक्टर (बिंदू आणि रेषांच्या गणिताने रचलेल्या) आकारांच्या मधल्या अवस्था सॉफ्टवेअर स्वतः तयार करते, तर क्रिटा आणि पेन्सिल टूडी यांत मधली चित्रे मुख्यतः हातानेच काढावी लागतात. दोन्ही मार्ग योग्य आहेत. पण दुसरा निवडणाऱ्याने वेळापत्रकाचा हिशेब त्याप्रमाणे मांडावा.

सेकंदाला किती फ्रेम ठेवाव्यात?

अन्य सूचना नसल्यास २४. बोलपट आल्यापासून चित्रपटाचा हाच प्रचलित दर आहे आणि अ‍ॅनिमेशनमधील वेळेची बहुतेक गणिते याच आकड्यावर शिकवली जातात. हाताने चित्रे काढताना एक चित्र दोन फ्रेम ठेवण्याची रीत आहे, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. अतिवेगवान हालचालींसाठी तेवढ्यापुरते एका फ्रेमला एक चित्र काढले जाते. दर कोणताही ठरवा, पण पहिली कीफ्रेम ठेवण्याआधी ठरवा. काम अर्धे झाल्यावर २४ चा दर ३० केला, तर कीफ्रेम आपल्या क्रमांकावरच राहतात आणि पूर्वी एक सेकंद चालणारी हालचाल ०.८ सेकंदात संपते, त्यामुळे ध्वनीशी जुळवलेले सगळे बिघडते.

मोबाइलवर घेतलेल्या संदर्भ-चित्रणाबाबतही हीच दक्षता घ्यावी. ते अनेकदा सेकंदाला ३० फ्रेमचे असते; त्यातील १५ व्या फ्रेमवर घडणारी गोष्ट आपल्या टाइमलाइनवर १२ व्या फ्रेमवर यावी लागते.

कीफ्रेम नेमक्या कुठे आणि किती ठेवाव्यात?

सुरुवात टाइमलाइनपासून करू नये. प्रसंगाचा स्टोरीबोर्ड, म्हणजे क्रमवार रेखाचित्रे, काढावा, त्याची चित्रे ध्वनीसह एकामागोमाग लावून अ‍ॅनिमॅटिक तयार करावे आणि प्रत्येक क्रियेला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून, शक्य असल्यास स्वतः ती क्रिया करून, मोजावे. बसल्या जागी ‘उडीला एक सेकंद पुरेल’ असे वाटते. प्रत्यक्ष मोजल्यावर तयारी, उड्डाण, जमिनीवर टेकणे आणि सावरणे यांचे वेळ किती वेगवेगळे आहेत ते कळते.

त्यानंतर ब्लॉकिंग करावे. यात केवळ मुख्य मुद्रा ठेवायच्या आणि इंटरपोलेशन (मधल्या फ्रेम भरण्याची पद्धत) ‘कॉन्स्टंट’ किंवा ‘स्टेप्ड’ प्रकारचे निवडायचे, जेणेकरून एक मुद्रा तशीच टिकून राहील आणि पुढच्या कीफ्रेमवर दुसरी एकदम येईल. पडद्यावर हालचाल झटक्याझटक्याची दिसेल आणि तशीच दिसू द्यावी. या टप्प्यावर गोष्ट समजते का, मुद्रेची बाह्यरेखा स्पष्ट आहे का आणि प्रत्येक मुद्रा वाचण्याइतकी टिकते का, एवढेच पाहायचे असते. जी गोष्ट झटक्यांत कळत नाही ती गुळगुळीत केल्यावर अधिकच अस्पष्ट होते.

ब्लॉकिंग पटले की दोन मुख्य मुद्रांच्या मधली, ज्याला ब्रेकडाउन म्हणतात ती, मुद्रा घालावी. ही मुद्रा बरोबर अर्ध्यावरची सरासरी असू नये. डोके डावीकडून उजवीकडे वळताना मध्ये किंचित खाली झुकते की उंचावते, डोळे आधी वळतात की हनुवटी, हे ब्रेकडाउन ठरवते आणि पात्राचा स्वभाव बराचसा तिथेच प्रकट होतो. पात्राच्या सर्व नियंत्रकांवर (ज्यांना पकडून अवयव हलवतात त्या खुणांवर) प्रत्येक मुद्रेच्या वेळी कीफ्रेम ठेवणे आरंभी सोयीचे असते, कारण एखादी मुद्रा मागेपुढे सरकवताना ती अखंड सरकते. पुढे, सफाईच्या टप्प्यावर, हात-मान-शेपटी यांच्या कीफ्रेम दोन-तीन फ्रेम मागे सरकवून हालचालींचे टोक वेगवेगळ्या क्षणी आणावे. सगळे अवयव एकाच फ्रेमवर थांबले की पात्र यंत्रासारखे वाटते.

संख्येविषयी सर्वसाधारण मत असे की कमी कीफ्रेममध्ये जे साधते ते अधिक कीफ्रेमने करू नये. दर दुसऱ्या फ्रेमवर कीफ्रेम ठेवलेली फाइल नंतर दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य होते.

ब्लॉकिंग चांगले होते. वक्र सुरू करताच सगळे पाण्यात तरंगल्यासारखे का वाटू लागले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. ‘स्टेप्ड’ मधून ‘बेझिए’ इंटरपोलेशनकडे जाताच सॉफ्टवेअर प्रत्येक हालचाल हळू सुरू करून हळू संपवते. ब्लॉकिंगमध्ये जी मुद्रा बारा फ्रेम स्थिर होती, ती आता पहिल्या फ्रेमपासूनच पुढच्या मुद्रेकडे सरकू लागते, आणि त्यामुळे थांबणे आणि हलणे यांतील भेदच पुसला जातो. उपाय सोपा आहे. मुद्रा जिथपर्यंत टिकायला हवी तिथे तिचीच दुसरी कीफ्रेम ठेवावी आणि हालचालीला तिच्या वाट्याच्या सहा किंवा आठ फ्रेमच द्याव्यात. अशा थांब्यात पात्र अगदीच गोठू नये म्हणून दुसरी कीफ्रेम किंचित बदलावी.

दुसरे कारण वजनाशी संबंधित आहे आणि ते उसळणाऱ्या चेंडूवर सर्वांत स्पष्ट दिसते. सुमारे १.२ मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये जमिनीवर येतो. पहिल्या ६ फ्रेममध्ये तो एकूण अंतराच्या चौथा हिस्साच खाली आलेला असतो आणि उरलेले तीन चतुर्थांश अंतर तो शेवटच्या ६ फ्रेममध्ये कापतो. पडण्याच्या वेळेचे चार समान भाग केले, तर त्यांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात. सॉफ्टवेअरचा मूळ वक्र मात्र चेंडूला जमिनीजवळ हळू करतो, आणि प्रत्यक्षात चेंडूचा वेग तिथेच सर्वाधिक असतो. म्हणून उंचीच्या आलेखात वरच्या टोकाशी गोलाई आणि जमिनीवरील कीफ्रेमपाशी टोकदार कोन असावा लागतो. त्यासाठी त्या कीफ्रेमची दोन्ही हँडल (वक्राचा उतार ठरवणाऱ्या दांड्या) एकमेकांपासून मुक्त करावी लागतात.

उसळी कमी होत जाते तसा तिचा वेळही कमी व्हायला हवा, हे अनेकदा विसरले जाते. पुढची उसळी मूळ उंचीच्या एक चतुर्थांश असेल, तर वर जाण्यास ६ आणि खाली येण्यास ६ फ्रेम लागतील, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उंची घटवून वेळ तोच ठेवला, तर चेंडू चंद्रावर उसळत असल्यासारखा दिसतो. अर्थात कथेला तसाच चेंडू हवा असेल तर नियम मोडावा, पण तो कुठे मोडला हे स्वतःला ठाऊक असावे.

ग्राफ एडिटर शिकणे खरोखर आवश्यक आहे का?

होय. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर मूल्य, इतके लक्षात ठेवले की त्याची भीती उरत नाही. रेषा जितकी उभी तितका वेग अधिक. आडवी रेषा म्हणजे थांबलेली वस्तू. वक्र तपासताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. दोन कीफ्रेमचे मूल्य समान असूनही मधली रेषा कधी फुगून वर किंवा खाली जाते, आणि पडद्यावर त्याचा परिणाम म्हणून जमिनीवर ठेवलेली पेटी क्षणभर जमिनीत रुततांना दिसते. तिथली हँडल आडवी केली की दोष जातो. आलेख देखणा दिसतो म्हणून हालचाल चांगली असेलच असे मात्र नाही. शेवटचा निर्णय नेहमी पूर्ण वेगाने चालवून पाहिलेल्या चित्रावर घ्यावा.

चालताना पात्राचे पाय घसरतात. काय करावे?

पायांसाठी आयके (इन्व्हर्स कायनेमॅटिक्स) नियंत्रक वापरावेत. एफके (फॉरवर्ड कायनेमॅटिक्स) पद्धतीत पाऊल हे कंबर, मांडी, गुडघा अशा साखळीचे शेवटचे टोक असते, त्यामुळे कंबर पुढे सरकली की टेकलेले पाऊलही सरकते. आयकेमध्ये पाऊल जागेवर रोवून ठेवता येते आणि गुडघ्याचा कोन सॉफ्टवेअर ठरवते. एवढे करूनही घसरण दिसत असेल, तर टेकलेल्या काळातील पावलाच्या स्थानाचा आलेख पूर्ण आडवा आहे ना, ते तपासावे. हातांसाठी मात्र, ते मोकळे झुलत असतील तर, एफकेच बरे. त्याने हाताचा मार्ग आपोआप कमानीत जातो.

चालण्याचे चक्र पुन्हा पुन्हा चालवले की दर वेळी एक हलकासा अडखळा येतो.

पहिली आणि शेवटची फ्रेम एकच असल्याने ती दोनदा दाखवली जात आहे. २४ फ्रेमच्या चक्रात समान मुद्रा १ आणि २५ या क्रमांकांवर ठेवावी, पण रेंडर (अंतिम चित्रे तयार करणे) १ ते २४ एवढेच करावे. त्यासोबत दोन्ही टोकांशी वक्राचा उतारही सारखा हवा. मुद्रा जुळली पण वेग जुळला नाही, तरी डोळ्याला खटकतेच.

हात किंवा कॅमेरा वळताना मध्येच विचित्र गिरकी का घेतो?

बहुतेक वेळा कोनाच्या आकड्यांमुळे. १० अंशांवरून ३५० अंशांवर जायला सांगितले, तर सॉफ्टवेअर ३४० अंश फिरून जाते. आपल्याला उलट दिशेने २० अंशच हवे असतील, तर दुसरे मूल्य उणे १० लिहावे. तरीही गिरकी राहिली, तर ती ऑयलर कोनांतील (तीन अक्षांभोवती एकेक करून मोजलेल्या कोनांतील) गिंबल लॉक या अडचणीमुळे असू शकते. यात तीनपैकी दोन अक्ष एकाच दिशेला येतात आणि एक दिशा हातची जाते. त्या नियंत्रकाचा फिरण्याचा अक्षक्रम बदलावा किंवा क्वाटर्नियन (ही अडचण न येणारी, फिरणे नोंदवण्याची दुसरी) पद्धत निवडावी, परंतु हे अ‍ॅनिमेशन सुरू करण्यापूर्वी करावे.

संवाद घेतला तर ओठांची हालचाल कशी जुळवावी?

पहिल्या प्रकल्पात संवाद नसणेच श्रेयस्कर. घ्यायचाच असेल, तर ध्वनी आधी मुद्रित करून पक्का करावा आणि मगच अ‍ॅनिमेशनला हात लावावा. प्रत्येक अक्षरासाठी वेगळा आकार करण्याची गरज नाही. प, ब, भ, म या वर्णांवर ओठ मिटलेले दिसणे, व वर खालचा ओठ दातांजवळ जाणे, आणि आ, ई, ऊ, ओ या स्वरांचे तोंडाचे आकार ओळखू येणे, एवढे साधले तर प्रेक्षक बाकीचे समजून घेतो. ‘मामा’ म्हणणाऱ्या पात्राचे ओठ मिटलेच नाहीत, तर ती चूक सर्वांना दिसते. म्हणून मिटलेली अवस्था किमान दोन फ्रेम टिकवावी. ध्वनी चित्राच्या एखादी फ्रेम मागे असल्यास सहसा खटकत नाही, पुढे असल्यास खटकतो.

दुसऱ्याने तयार केलेला रिग वापरला तर गुण कमी होतील का?

रिग म्हणजे पात्र हलवता यावे म्हणून त्याला जोडलेला सांगाडा आणि नियंत्रक. प्रकल्प अ‍ॅनिमेशनचा असेल तर गुण कमी होऊ नयेत. तरी मार्गदर्शकांना आधी विचारावे. रिगचा परवाना वाचावा, निर्मात्याचे नाव श्रेयनामावलीत द्यावे आणि मॉडेल आपले असल्याचा आभास निर्माण करू नये. मोशन कॅप्चरच्या (खऱ्या माणसाच्या हालचालीच्या थेट नोंदीच्या) तयार फाइली किंवा मधल्या फ्रेम स्वतः रचणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण मूल्यमापन ज्या कामाचे व्हायचे तेच काम ती करून टाकतात. नियमांत परवानगी असली तरी त्यांचा उपयोग नेमका कुठे केला हे अहवालात लिहावे.

मी न ठेवलेल्या कीफ्रेम टाइमलाइनवर कुठून आल्या?

ऑटो-की सुरू राहिले होते. हे बटण सुरू असताना वस्तू सहज हलवली तरी नोंद होते. ब्लॉकिंग करताना ते सोयीचे आहे. कॅमेरा आणि दिवे मांडताना ते बंद ठेवावे.

रेंडरला किती वेळ धरावा?

एका फ्रेमला लागणारा वेळ मोजून गुणाकार करावा. ३६० फ्रेम आणि फ्रेमला दोन मिनिटे असा हिशेब झाला, तर ७२० मिनिटे, म्हणजे १२ तास सलग संगणक गुंतून राहील. आणि पहिल्या रेंडरमध्ये दोष सापडत नाही असे क्वचितच घडते. म्हणून मुदतीपूर्वी किमान दोन पूर्ण रेंडर बसतील इतका वेळ राखावा. थेट व्हिडिओ फाइल न बनवता प्रत्येक फ्रेमचे वेगळे पीएनजी चित्र साठवावे. वीज गेली किंवा सॉफ्टवेअर बंद पडले, तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येते आणि चुकीच्या वीस फ्रेम तेवढ्याच पुन्हा काढता येतात. त्या चित्रमालिकेचे नंतर ध्वनीसह एच.२६४ प्रकारच्या एमपी४ फाइलमध्ये रूपांतर करावे. हालचालीचे परीक्षण मात्र यासाठी थांबू नये. व्ह्यूपोर्टमधून, म्हणजे काम करण्याच्या खिडकीतून, घेतलेले साधे, दिवे नसलेले चित्रण त्यासाठी पुरते आणि ते काही क्षणांत तयार होते.

अहवालात काय जोडावे आणि तोंडी परीक्षेत काय विचारले जाते?

सॉफ्टवेअरची पडदाचित्रे आणि मेन्यूंची वर्णने यांनी अहवालाची पाने भरू नयेत. स्टोरीबोर्ड, क्रियांच्या मोजलेल्या वेळांचा तक्ता, ब्लॉकिंगची वेगळी फाइल आणि एखाद्या महत्त्वाच्या हालचालीचा दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा आलेख जोडावा. त्या दोन आलेखांत काय बदलले आणि का, हे चार-पाच वाक्यांत लिहावे. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा चित्र एखाद्या फ्रेमवर थांबवतो आणि ही कीफ्रेम इथेच का, दोन फ्रेम अलीकडे का नाही, असे विचारतो. त्याचे उत्तर वेळांच्या तक्त्यावर बोट ठेवून देता येईल अशी तयारी असावी, आणि मूळ प्रकल्प फाइल, केवळ व्हिडिओ नव्हे, संगणकावर उघडून ठेवलेली असावी.